कपाशीची पहिली फवारणी: मित्रकिडी राखून कीड कशी आवरावी

ऑगस्टच्या मध्यावर कपाशी पन्नास-पंचावन्न दिवसांची झाली की एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, वावरात जाऊन शेंड्याखालचे तिसरे-चौथे पान हलकेच उलटून पाहावे. मागच्या बाजूला शिरांना धरून मावा बसलेला असतो, आणि त्याच गर्दीत राखाडी-काळ्या रंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, सहा पायांची, इवल्याशा मगरीसारखी एक अळी सरकताना दिसते. ती एका माव्यापाशी थांबते, त्याला जबड्यात धरते, आतला रस शोषून रिकामी कातडी टाकते आणि पुढच्याकडे वळते. ही ढालकिड्याची अळी आहे. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा प्रौढ ढालकिडा बहुतेकांना ओळखता येतो. त्याची अळी मात्र फार थोड्यांना ओळखता येते. मी स्वतः सुरुवातीच्या एका हंगामात हिलाच कपाशीवरची नवीन कीड समजून कृषी सेवा केंद्र गाठले होते, आणि तेथेही कोणी नमुना न मागता बाटली हातात ठेवली होती. त्या फवारणीने अळ्या गेल्या. बारा दिवसांनी पाने चिकट्याने, म्हणजे माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवाने, चमकू लागली आणि दुसरी फवारणी करावी लागली.

या लेखाचा विषय ती दुसरी फवारणीच आहे. पहिल्या फवारणीचा खर्च बाटलीच्या किमतीएवढा कधीच नसतो, कारण चुकीच्या वेळी केलेली पहिली फवारणी पुढच्या दोन-तीन फवारण्यांची गरज निर्माण करते. हे कसे घडते ते आधी पाहू आणि मग ते टाळण्यासाठी हंगामभर काय करायचे ते क्रमाने पाहू. विवेचन विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू कपाशीला धरून आहे. तत्त्व इतर पिकांनाही लागू पडते, आकडे मात्र पिकागणिक बदलतात.

फवारणीनंतर वावरात काय घडते

मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी या रसशोषक किडी बहुतांशी पानाच्या मागच्या बाजूला राहतात. फवारा वरून पडतो. त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी काही कीड कोरड्या जागी वाचते. ढालकिडे, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या, कोळी आणि किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या या मित्रकिडींचे, म्हणजे किडीवर जगणाऱ्या जिवांचे, जगणे याच्या उलट असते. भक्ष्य शोधण्यासाठी त्यांना झाडभर फिरावे लागते आणि त्या फिरण्यात औषधाने माखलेल्या पृष्ठभागाशी त्यांचा सतत संपर्क येतो. काही फवाऱ्यातून वाचतात, पण विषबाधा झालेला मावा खाऊन मरतात, आणि जे त्यातूनही उरतात त्यांना खायलाच काही राहत नसल्याने ते वावर सोडून जातात.

पुढचे काम वाढीचा वेग करतो. माव्याच्या मादीला आपल्याकडील हवामानात नराची गरज लागत नाही. ती थेट पिलांना जन्म देते आणि ती पिले साधारण सात ते दहा दिवसांत स्वतः पिले देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास जवळजवळ तीन आठवडे लागतात. म्हणजे मित्रकिडींची एक पिढी पुरी होईपर्यंत माव्याच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात, आणि त्याही अशा वावरात, जेथे त्यांना खाणारे कोणी उरलेले नाही. शिवाय वाचलेल्या किडीत त्या औषधाला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढलेले असते. शेतकरी म्हणतो, औषध भेसळीचे निघाले. कधीकधी ते खरेही असते, पण दर वेळी नाही.

तिसरा परिणाम जास्त फसवा असतो. ज्या किडीवर फवारणी केली ती दबते आणि आजवर नगण्य असलेली दुसरीच कीड वर येते. कपाशीच्या इतिहासात हे अनेकदा घडले आहे. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे आली, सुरुवातीला बोंडअळीवर जादू झाल्यासारखा परिणाम दिसला आणि शेतकऱ्यांनी ती वारंवार मारली. त्याच दशकात आंध्र प्रदेशच्या कापूस पट्ट्यात पांढरी माशी मुख्य कीड होऊन बसली, आणि १९८७-८८ च्या हंगामात खुद्द हिरवी बोंडअळीच या औषधांना जुमानेनाशी झाली. भातातील उदाहरण तर धोरणापर्यंत पोहोचले: फवारण्यांमुळे तपकिरी तुडतुडा आटोक्याबाहेर जातो हे लक्षात आल्यावर इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या वावरातले आहे. २००७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकणाने मोठे संकट आणले. अंगावरच्या मेणचट पांढऱ्या थरामुळे फवारा त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नसे, म्हणून लोक मात्रा वाढवत गेले. त्याला आवरण्यात पुढे मोठा वाटा उचलला तो एनॅसियस नावाच्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाशीने. पिठ्या ढेकणांच्या पुंजक्यात तांबूस-तपकिरी, कडक, पिंपाच्या आकाराचे ढेकूण दिसले, तर त्यांच्या आत ही गांधीलमाशी वाढत आहे असे समजावे आणि त्या झाडाला हात लावू नये.

पहिली पायरी: ओळख पक्की करणे

पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच घरातील सर्वांनी, विशेषतः निंदण-खुरपणीला जाणाऱ्यांनी, पाच-सहा मित्रकिडी नजरेत बसवून घ्याव्यात. झाडांशी सर्वांत जास्त वेळ त्यांचाच संबंध येतो. ढालकिड्याची अंडी पिवळी, लांबट आणि पुंजक्याने उभी रचलेली असतात. क्रायसोपाचे अंडे केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर एकेकटे डोलत असते. नवखा माणूस त्याला बुरशी समजतो. सिरफिड माशीची अळी बिनपायांची, हिरवट, गोगलगाईसारखी लिबलिबीत असते आणि माव्याच्या वसाहतीतच मुक्काम करते. फुगलेला, सोनेरी-तपकिरी, जागचा न हलणारा मावा हा परोपजीवी गांधीलमाशीने आतून पोखरलेला असतो. कोळ्यांचा तर जाळे विणणारा असो वा उड्या मारणारा, प्रत्येकाला मित्रच धरावे.

याच वेळी पानाच्या मागच्या बाजूची मुख्य शीर देठापासून थोडी वर निरखून पाहावी. तेथे एक छोटासा खळगा असतो आणि त्यातून गोड रस पाझरतो. कपाशीच्या बहुतेक वाणांना ही मधुग्रंथी असते. मुंग्या, क्रायसोपाचे प्रौढ आणि गांधीलमाश्या फुले नसतानाही या रसावर तग धरतात. मात्र आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून या ग्रंथीतही उतरू शकते. म्हणून ‘औषध झाडाच्या आत आहे, मित्रकिडीला त्याचा काही त्रास नाही’ हे दुकानात ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे.

दुसरी पायरी: आठवड्यातून एकदा मोजणी

एका एकरात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी चार, अशी एकूण वीस झाडे पाहावीत. धुऱ्याजवळची दोन-तीन तासे (पिकाच्या ओळी) सोडून द्यावीत, कारण तेथील चित्र आतल्यासारखे नसते. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान उलटून त्यावरील मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी मोजावी. तुडतुडे तिरके चालत चटकन पानाच्या दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून पान न हलवता आधी त्यांची मोजणी उरकावी. त्यानंतर पूर्ण झाडावरील मित्रकिडी मोजाव्यात. वहीत दोन रकाने असावेत, एक किडीचा आणि दुसरा मित्रकिडींचा. या मोजणीला सवय झाल्यावर एकराला अर्धा-पाऊण तास लागतो.

दुसरा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि माझ्या मते आपल्या पीकसंरक्षणातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. राज्याच्या कृषी विभागाने २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पातून कीड सर्वेक्षणाची चांगली घडी बसवली, पण गावात चर्चा होते ती किडीच्या आकड्याची; तिला खाणारे किती होते हे क्वचितच कोणी विचारतो.

तिसरी पायरी: फवारायचे की थांबायचे

कृषी विद्यापीठांच्या शिफारशींनुसार कपाशीत आर्थिक नुकसानीची पातळी सर्वसाधारणपणे अशी धरतात: मावा प्रति पान १०, तुडतुडे प्रति पान २ ते ३, फुलकिडे प्रति पान १० आणि पांढऱ्या माशीचे प्रौढ प्रति पान ८ ते १०. वीस झाडांची सरासरी याच्या खाली असेल तर फवारणीचा खर्च वाचलेल्या पिकातून भरून निघत नाही, म्हणून थांबावे. सरासरी पातळीच्या आसपास असेल तर दुसरा रकाना पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शिकांत किडी आणि मित्रकिडी यांच्या २:१ या प्रमाणाचा ढोबळ नियम दिला आहे. म्हणजे दोन किडींमागे एक मित्रकीड असेल तर थांबायला हरकत नसते. माव्यासारख्या दाट वसाहती करणाऱ्या किडीला हा नियम शब्दशः लावू नये. तेथे चार दिवसांनी पुन्हा मोजणी करावी आणि आकडा चढतो आहे की उतरतो आहे ते पाहावे. मावा पातळीच्या वर आहे, पण ढालकिड्याच्या अळ्या झाडोझाडी दिसतात आणि सोनेरी फुगलेले मावेही आहेत, अशा वावरात मी थांबलो आहे आणि एका जोरदार सरीनंतर मावा ओसरलेला पाहिला आहे. तुडतुड्यांच्या बाबतीत मात्र एवढा धीर धरू नये. पानांच्या कडा खाली वळून पिवळ्या-तांबूस होऊ लागल्या आणि आकडाही पातळीच्या वर गेला, तर निर्णय लांबवणे महागात पडते.

बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कपाशीचे बियाणे बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा त्याच गटातील औषधाची प्रक्रिया करूनच येते, आणि त्याचा रसशोषक किडींवरील परिणाम तीन ते चार आठवडे टिकतो. या काळात फवारणीचे कारण सहसा नसते. तरीही पेरणीनंतर पंचविसाव्या दिवशी ‘सुरुवातीची एक’ म्हणून ॲसिफेट मारण्याची रूढी अनेक गावांत आहे. साठ दिवसांपर्यंत असे व्यापक मारक क्षमतेचे औषध वावरात न आणणे, एवढी एकच गोष्ट या लेखातून कोणी उचलली तरी पुष्कळ झाले. मित्रकिडींची वस्ती याच दिवसांत बसते.

चौथी पायरी: काही तासे न फवारता ठेवणे

ज्यांना वरील विवेचन पटत नाही त्यांच्यासाठी, आणि खरे तर सर्वांसाठीच, एक साधा प्रयोग सुचवतो. फवारणी करायचीच ठरली तर वावराच्या मधोमध आठ तासे न फवारता सोडावीत आणि दोन्ही टोकांना काठी रोवून खूण करावी. फवारणीपूर्वी एकदा आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी, फवारलेल्या भागातील दहा आणि न फवारलेल्या आठ तासांपैकी मधल्या चार तासांतील दहा झाडांची दोन्ही रकान्यांत मोजणी करावी. कडेच्या तासांवर फवारा उडतो, म्हणून ती मोजू नयेत. तिसऱ्या दिवशी फवारलेला भाग स्वच्छ दिसेल आणि औषध उत्तम निघाले असे वाटेल. खरा निकाल चौदाव्या दिवशीचा असतो. त्या दिवशी फवारलेल्या भागातील किडीचा आकडा न फवारलेल्या भागाएवढा किंवा त्याहून जास्त असेल आणि मित्रकिडींचा रकाना रिकामा असेल, तर ती फवारणी तोट्याची होती. आठ तासांत फार तर काही किलो कापसाचा धोका असतो, आणि तेवढ्यात आपल्याच जमिनीवरचा पुरावा हाती येतो.

पाचवी पायरी: औषधाची निवड

रसशोषक किडींसाठी पहिला पर्याय म्हणून ५ टक्के निंबोळी अर्क घ्यावा. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने दोनदा गाळावे, १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणचुरा त्यात मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करून त्याच दिवशी फवारावे. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवलेल्या असाव्यात. बुरशी आलेल्या काळ्या निंबोळ्यांचा उपयोग होत नाही. हा अर्क किडीचे खाणे आणि कात टाकणे बिघडवतो. त्याने कीड पटकन मरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी निकाल शोधू नये. तो मित्रकिडींना पूर्णपणे निरुपद्रवी आहे असेही नाही, सिरफिड आणि ढालकिड्याच्या कोवळ्या अळ्यांना त्याचा काही त्रास होतो, पण ॲसिफेटसारख्या फॉस्फरसवर्गीय औषधांशी त्याची तुलना होणार नाही.

रासायनिक औषध लागलेच, तर किडीपुरते काम करणारे निवडावे. मावा व तुडतुड्यांसाठी फ्लोनिकॅमिड, तर तुडतुड्यांची पिले आणि पांढऱ्या माशीसाठी बुप्रोफेझिन ही औषधे मित्रकिडींना तुलनेने सौम्य आहेत. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन आणि यांची तयार मिश्रणे सरसकट सर्व कीटकांना मारतात. फिप्रोनिल मधमाश्यांना अतिशय घातक आहे. बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड असताना पहिली फवारणी पुन्हा इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड किंवा थायामेथोक्झामची करू नये. नावे तीन असली तरी गट एकच आहे, आणि एकाच गटाचा मारा लागोपाठ झाला की किडीत प्रतिकारशक्ती तयार होते.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील विषारीपणावरून ठरतात. तोंडावाटे दिलेली प्रति किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा निम्म्या प्राण्यांना मारत असेल तर लाल, ५००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हिरवा. फवारणाऱ्या माणसासाठी हा त्रिकोण फार महत्त्वाचा आहे. ढालकिडा किंवा मधमाशी यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी लेबल आणि सोबतचे माहितीपत्रकच वाचावे लागते.

सहावी पायरी: फवारणी करताना

कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि मधमाश्यांची वर्दळ दिवसभर असते, म्हणून फवारणी वारा पडल्यावर, दुपार उलटल्यानंतर उशिरा करावी. वावरभर फवारण्याऐवजी जेथे प्रादुर्भाव आहे तेवढाच पट्टा घेता आला तर उरलेल्या भागातून मित्रकिडी परत येतात. पिठ्या ढेकूण आणि मावा बहुधा अशाच ठिपक्यांनी सुरू होतो. मात्रा पंपाला नसते, एकराला असते. पॉवर पंपाने एकरी पाणी कमी लागते, त्यामुळे १५ लिटरच्या साध्या पंपाचे प्रमाण तेथे जसेच्या तसे चालत नाही, आणि हिशोब चुकला तर एकरी मात्रा एकतर तोकडी पडते किंवा दुप्पट होते. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत ढवळण्याची सवय सोडावी.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. उंच, दाट पिकात फवारा चेहऱ्यावर येतो, म्हणून हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याच्या दिशेनेच फवारणे यांत तडजोड करू नये. उपाशीपोटी फवारू नये आणि एकाच माणसाने सलग दिवसभर फवारू नये.

सातवी पायरी: मित्रकिडींना घर आणि शिदोरी

कपाशीच्या कडेने किंवा दर काही तासांनी चवळी पेरावी. चवळीवरचा मावा लवकर येतो, त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात आणि पुढे कपाशीत उतरतात. चवळीवरचा मावा पाहून घाबरून तिच्यावर फवारणी करणारेही भेटतात. मग चवळी पेरण्याचा हेतूच संपतो. धुऱ्यावर मका किंवा ज्वारी असल्यास परागकण आणि आडोसा दोन्ही मिळतात. आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास असतेच, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच्या फुलांवर मधमाश्या व गांधीलमाश्यांची चांगली वस्ती असते, हे कपाशी फवारताना लक्षात ठेवावे. पिवळे चिकट सापळे निरीक्षणापुरते, एकरी मोजकेच लावावेत. त्यांना पांढऱ्या माशीसोबत ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्याही चिकटतात. सापळा गच्च भरला म्हणून आनंद मानण्यापूर्वी त्यावर काय चिकटले आहे ते पाहावे.

बोंडअळीच्या अंड्यांसाठी ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी सोडता येते. हेक्टरी सुमारे दीड लाख अंडी या हिशोबाने, ती अंडी चिकटवलेले ट्रायकोकार्ड आणावेत, पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला टाचाव्यात, आणि आठवड्याच्या अंतराने पुन्हा सोडाव्यात. कार्ड आणल्या दिवशी लावता आले नाही तर फ्रीजच्या खालच्या खणात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नको. कार्ड लावण्याआधी आणि नंतर निदान आठवडाभर रासायनिक फवारणी नसावी, अन्यथा कार्डाचे पैसे वाया जातात.

गुलाबी बोंडअळीचा वेगळा हिशोब

येथपर्यंतचा संयमाचा सल्ला गुलाबी बोंडअळीला जसाच्या तसा लागू होत नाही. ही अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते, आणि एकदा आत गेली की बहुतेक मित्रकिडींच्या आणि फवाऱ्याच्याही आवाक्याबाहेर जाते. २०१७ मध्ये राज्यातील कापूस उत्पादकांनी याचा मोठा फटका सोसला. दोन जनुकांच्या बीटी वाणालाही ती तोवर सरावली होती. म्हणून पेरणीनंतर ४५ दिवसांनी मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावावेत आणि रोजचे पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा फुले व हिरवी बोंडे मिळून दहा टक्के प्रादुर्भाव आढळला, तर शिफारशीतील औषध वेळेवर फवारावे. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या दिसतील तेव्हा त्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. बोंडे मात्र फोडूनच पाहावी लागतात, बाहेरून काही कळत नाही. दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे चाकूने कापण्याचा कंटाळा करू नये. पायरेथ्रॉइड वापरायचेच तर हंगामाच्या उत्तरार्धात, नोव्हेंबरनंतर वापरावे आणि दुसऱ्यांदा लगेच मारू नये, नाहीतर पांढरी माशी उसळते.

डिसेंबरअखेर वावर मोकळे करावे. फरदडीतून, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीतून, मिळणाऱ्या दोन-चार वेच्यांसाठी पऱ्हाटी (कपाशीची झाडे) मार्चपर्यंत उभी ठेवली की बोंडअळीला पुढच्या जूनपर्यंतचा पूल मिळतो, आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच फवारणीचा दाब वाढतो. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या चरायला सोडाव्यात. त्या किडकी बोंडे खाऊन टाकतात. त्यापूर्वीच्या फवारणीला लेबलवरील प्रतीक्षाकाळ उलटून गेला आहे याची तेवढी खात्री करावी, आणि उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून न ठेवता तिचा भुगा करून खतात घालावा.